आत कुणाला घ्यायचं?

जगात उभयचरांच्या आठ हजारांहून जास्त जाती आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार त्यांतल्या जवळपास ४१ टक्के नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याही वर्गाची अवस्था इतकी वाईट नाही. जंगलतोड, धरणं, रस्ते, वाढती उष्णता ही कारणं ओळखीची आहेत. त्यांच्या जोडीला कायट्रिड नावाची बुरशी आली. ती बेडकाच्या त्वचेत वाढते. बेडूक पाणी आणि क्षार त्वचेतून घेतो, त्यामुळे त्वचा बिघडली की रक्तातलं क्षारांचं प्रमाण ढासळतं आणि शेवटी हृदय थांबतं. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा या बुरशीपायी किमान ५०१ जाती घटल्याचं आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्याचं दिसलं. राखीव जंगलाभोवती कुंपण घालून बुरशी थांबत नाही. म्हणून २००६ साली ‘अँफिबियन आर्क’ उभी राहिली. ज्या जाती बाहेर तगणार नाहीत त्या प्राणिसंग्रहालयांत आणि खास केंद्रांत आत घेऊन वाढवायच्या, असा तिचा विचार. सुमारे ५०० जातींना अशा आसऱ्याची गरज आहे असा तेव्हाचा अंदाज होता, आणि जगातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांची मिळून झेप होती जेमतेम पन्नासेक जातींची.

म्हणजे दहांतली एक आत, नऊ बाहेर. ती एक कोणती?

या प्रश्नावर सर्वांत खणखणीत वाद मी ज्यांच्यात ऐकला, ती दोघं गुरू-शिष्या आहेत. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पावसाळ्यात ते वर्गापेक्षा सह्याद्रीच्या सड्यांवर जास्त सापडायचे आणि निवृत्तीनंतरही त्यात फरक पडलेला नाही. ताई त्यांची विद्यार्थिनी, माझ्या काही वर्षं पुढे. ती युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात उभयचरांचा विभाग सांभाळते. सुट्टीला आली की दोघांची जुंपते. पुढचं सगळं अशाच बोलण्यांतून जुळवलेलं आहे. जिथे राहवलं नाही तिथे मीही मध्ये पडले आहे.

सर: आधी एवढं सांग. परत सोडायला जागा नसेल तर पकडायचं कशाला? मनूच्या नौकेत सगळ्यांचं बीज होतं, पण पूर ओसरणार हे मनूला ठाऊक होतं. या बुरशीचा पूर ओसरेल असं तुम्हाला कुणी सांगितलंय?

ताई: कुणीच नाही, सर. पण ओसरेल तेव्हा कुणीतरी जिवंत असायला हवं ना? पनामाचंच बघा. बुरशी डोंगररांगेनं पूर्वेकडे सरकत होती. २००४ मध्ये ती एल कोपेला पोचली आणि काही महिन्यांत तिथले ओढे रिकामे झाले. ती पुढे कुठे जाणार हे उभयचरतज्ज्ञ कॅरेन लिप्स यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे होतं एल व्हाये, सोनेरी बेडकाचं गाव. बेडूक आत ठेवायच्या केंद्राची इमारत बांधून झालेली नव्हती. तेव्हा २००६ साली एद्गार्दो ग्रिफिथ आणि हायडी रॉस यांनी गावातल्या हॉटेलच्या खोल्या घेतल्या आणि तिथे बेडूक ठेवले. २००९ नंतर रानात सोनेरी बेडूक खात्रीनं कुणी पाहिलेला नाही. जे उरले ते आतले.

सर: मान्य. पण त्याची निवड झाली कशी? तो पनामाचं राष्ट्रीय प्रतीक आहे, लॉटरीच्या तिकिटावर छापला जातो. ओढ्याच्या खळखळाटात आवाज पोचत नाही म्हणून हात हलवून खुणा करतो, ते चित्रीकरण साऱ्या जगानं पाहिलंय. ज्याच्या वाट्याला मातकट रंग आला, त्याला खोली कोण देणार?

ताई: दिली होती, सर. २००५ मध्ये अटलांटाहून एक गट तिथे गेला होता. मिळतील त्या जाती त्यांनी घेतल्या. त्यांत झाडाच्या शेंड्यावर राहणारा एक तपकिरी बेडूक होता, मोठ्या पंजांचा. त्याला तेव्हा शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं, ते २००८ मध्ये मिळालं. त्याच्या टॅडपोलना बाप स्वतःच्या पाठीची त्वचा खाऊ घालतो. उभयचरांत ही नवलाची गोष्ट आहे.

सर: मग?

ताई: मग काही नाही. तो आत वाढवता आला नाही. शेवटचा नर २६ सप्टेंबर २०१६ ला अटलांटाच्या वनस्पती उद्यानात गेला. टफी म्हणायचे त्याला.

सर: म्हणजे खोली मिळाली, पण वंश चालला नाही. ज्याला सांभाळायचं कसं हेच माहीत नाही, त्याला कुठल्या भरवशावर आत घेता?

इथे ताई थोडा वेळ गप्प राहिली. सरांचा हा मुद्दा तिला रोज कामावर भेटतो. बेडूक ठेवणं सोपं आहे असं बाहेरच्यांना वाटतं, कारण बेडूक मागत काही नाही. पण पेटीतल्या पाण्याचा कस, दिव्यातली अतिनील किरणं, रात्रीचं तापमान, पावसाळा आल्याची चाहूल देणारा हवेचा बदल, यांतलं एक चुकलं तरी मादी अंडी धरत नाही. तिनं अमेरिकेतल्या वायोमिंग टोडचं उदाहरण दिलं. १९८९ पासून हा टोड आत वाढवला जातोय. आत वाढलेल्या टोडांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. समोर रातकिडा आहे, टोड दबा धरून बसलाय, नेम धरून झेपावतोय, जीभ बाहेर येते, पण किडा तिला चिकटतच नाही. टोड पुन्हा झेपावतो, पुन्हा तेच. भरल्या पेटीत तो उपाशी राहतो. तपासात कळलं की आहारात अ जीवनसत्त्व कमी पडतंय, त्यामुळे जिभेवरच्या चिकट स्रावाच्या पेशी बिघडतात. रानातला टोड शेकडो प्रकारचे किडे खातो, आपण त्याला दोन-तीन प्रकार देतो. हे उमजायला कितीतरी टोड जावे लागले. अशा एकेका जातीमागे एकेक शिक्षण आहे, आणि ते शेवटचे चार जीव हाताशी असताना घेता येत नाही.

ताई: म्हणून तर आता असं डोळे मिटून उचलत नाहीत. त्या-त्या देशातले जाणकार एकत्र बसतात आणि प्रत्येक जातीला तेच प्रश्न विचारतात. धोका किती? वंशवृक्षावर ती किती एकटी आहे? संरक्षित क्षेत्रात राहते का? धोका हटवता येईल का, आणि केव्हापर्यंत? जात म्हणून तिची ओळख पक्की आहे का? पुरेशी मूळ जनावरं मिळतील का? तिला किंवा तिच्या जवळच्या जातीला आजवर कुणी वाढवलंय का? परत सोडायला जागा उरलीय का? सरकारची संमती आहे का? लोकांच्या जगण्यात तिला स्थान आहे का, हाही प्रश्न आहे, पण तो बऱ्याच प्रश्नांतला एक.

सर: आणि उत्तर काय येतं? आत किंवा बाहेर?

ताई: तेवढंच नाही. कुणाला तातडीनं आत, कुणाचं काम रानातच, कुणाचा आधी अभ्यास, कुणाच्या पेशी गोठवून ठेवायच्या. बहुतेक नावांपुढे ‘आत घ्या’ येतच नाही. प्राणिसंग्रहालयवाल्यांना सगळंच पिंजऱ्यात हवं असतं, असं तुम्हाला वाटतं ना?

सर: मला त्या यादीतला एकच प्रश्न अडतो. धोका हटवता येत असेल तर तो हटवा, आत घ्यायचं कारणच नाही. हटवता येत नसेल तर परत सोडणार कुठे? दोन्हीकडून आत घेणं निरर्थक ठरतं.

ताई: दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, सर. धोका हटेल, पण तोवर ही जात टिकणार नाही. आमचं खरं काम त्या पट्ट्यातलं.

माझ्या मते सगळा विषय या वाक्यापाशी येऊन थांबतो. ताईचा पट्टा मराठी वाचकाला नवा वाटायला नको. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) हरियाणाच्या वनखात्याबरोबर पिंजोरला गिधाडं आत घेतली ती याच हिशेबानं. गुरांच्या औषधातलं डायक्लोफिनॅक गिधाडांना मारत होतं. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. बंदी नसती तर पिंजोर हा गिधाडांचा वृद्धाश्रम ठरला असता, आणि पिंजोर नसतं तर बंदीचा उपयोग व्हायला पक्षीच कमी उरले असते. दोन्ही कामं एकाच वेळी झाली. जी जात निवडायची तिच्याबाबत हे दुसरं काम कोण करतंय, हे आधी विचारायला हवं.

ताईनं मग किहान्सी काढलं. टांझानियात किहान्सी नदीची एक दरी आहे. धबधब्याच्या तुषारांनी सदा ओली असलेली दोनेक हेक्टरांची जागा, आणि जगात फक्त तिथेच राहणारा नखाएवढा पिवळा टोड. हा टोड अंडी घालत नाही, जिवंत पिलांना जन्म देतो. जन्मलेलं पिलू मोहरीच्या दाण्याहून फार मोठं नसतं. २००० साली वरच्या बाजूच्या वीजप्रकल्पानं नदीचं नव्वद टक्के पाणी वळवलं आणि तुषार थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस ४९९ टोड न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेले. दरीत कृत्रिम फवारे बसवले.

ताई: आता नीट ऐका, सर. फवारे चालले. २००३ च्या मध्याला दरीत वीस हजारांच्या आसपास टोड मोजले गेले. त्या दिवशी आपण निवड करायला बसलो असतो, तर या टोडला कुणी आत घेतलं असतं का? वीस हजार आहेत, वाढताहेत, इथली जागा दुसऱ्याला द्या, असंच आपण म्हटलं असतं. पुढच्या जानेवारीत बोटांवर मोजण्याइतके उरले. मेलेल्या टोडांत कायट्रिड सापडली. २००९ मध्ये रानातून नामशेष अशी नोंद झाली.

सर: आणि न्यूयॉर्कमधले?

ताई: तेही झपाट्यानं मेले. एका टप्प्यावर सत्तरच्याही खाली आले. पण तेवढ्यांतून ब्राँक्स आणि टोलेडो या प्राणिसंग्रहालयांतल्या लोकांनी वंश उभा केला. २०१० मध्ये पहिले शंभर टांझानियात परत गेले, २०१२ मध्ये अडीच हजार त्याच दरीत सोडले. रानातून नामशेष म्हणून नोंदलेला उभयचर मूळ जागी परत जाण्याची ही पहिली वेळ.

सर: फवारे बंद पडले तर?

ताई: तर संपलं.

सर: मग त्याला परत गेला म्हणायचं की पिंजरा मोठा झाला म्हणायचं?

ताई: सर, तुम्ही राधानगरीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाला शेतीच म्हणता ना? माणसाच्या पाण्यावर जगतोय म्हणून तो टोड खोटा ठरत नाही.

सर हसले नाहीत. त्यांनी मॅलोर्का बेटाचं नाव घेतलं, आणि आवाज थोडा खाली गेला. या प्रकरणानं त्यांचं मत बनवलेलं आहे. भूमध्य समुद्रातल्या या बेटावरचा ‘दाई टोड’ आधी जीवाश्मांवरून माहीत झाला. तो अजून जिवंत आहे हे कळलं नंतर, चुनखडीच्या खोल घळींमधल्या पाण्याच्या कुंडांत. प्राणिसंवर्धक जेरल्ड डरेल यांच्या जर्सी बेटावरच्या केंद्रात तो आत वाढवला गेला आणि १९८९ पासून परत सोडला जाऊ लागला. कामगिरी इतकी चांगली झाली की २००४ मध्ये त्याचं नाव अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून काढून खालच्या पायरीवर ठेवलं गेलं. चार वर्षांनी जनुकीय अभ्यास आला. बेटावरच्या काही कुंडांत कायट्रिड होती, आणि ती तिथे पोचली होती परत सोडलेल्या टोडांच्या अंगावरून. जर्सीत त्यांच्या जवळपासच दक्षिण आफ्रिकेतला एक बेडूक ठेवलेला होता. बुरशी त्याच्याकडून आली होती.

सर: ज्यांनी वाचवलं त्यांच्याच हातून रोग घळीत पोचला. हेतूत काहीही खोट नसताना. आणि तू मला सांगतेस की शंका असेल तर आत घ्या!

ताई: जर्सीतल्या लोकांनीच ते लपवलं नाही, सर, अभ्यासात सामील होऊन छापलं. आज माझ्या खोलीत एका देशाच्या बेडकांशेजारी दुसऱ्या देशाचा बेडूक ठेवता येत नाही. दारातले बूट वेगळे, प्रत्येक पेटीला नवे हातमोजे, बाहेर जाणारं पाणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाही. पनामात तर जहाजावरचे जुने कंटेनर घेऊन त्यांत प्रयोगशाळा केल्यात, एकात एकाच भागातले बेडूक. मॅलोर्काची गोष्टही तिथे संपत नाही. टॅडपोल बाहेर काढून औषधात ठेवले, कुंडं रिकामी करून खडक निर्जंतुक केले, आणि २०१५ मध्ये जाहीर झालं की तिथली बुरशी गेली. रानातून कायट्रिड हटवल्याचं ते पहिलं उदाहरण. तुम्ही विचारलं होतं, पूर ओसरेल असं कुणी सांगितलंय का. एका बेटावर ओसरवला गेलाय.

सर: मोजक्या कुंडांतून. सह्याद्रीच्या पावसाळ्यात कुठलं कुंड रिकामं करशील? आणि तुझ्या हातमोज्यांनी दुसरा प्रश्न सुटत नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पनामाच्या बेडकांवर निबंध आला. साथीनंतर दहाएक वर्षांनी काही जाती पुन्हा दिसायला लागल्या. बुरशी मवाळ झालेली नव्हती, पूर्वीइतकीच जहाल होती. बदलले होते बेडूक. त्यांच्या कातडीवरचा स्राव तिला जास्त रोखत होता. तुलनेला साथीआधी आत घेतलेल्या वंशातले बेडूक होते, त्यांचा स्राव कमी पडला. बाहेर जे मेले त्यांच्या मरणातून उरलेल्यांना काहीतरी मिळालं. तुमच्या आतल्यांना ते मिळालेलं नाही.

हा सरांचा सर्वांत भारी मुद्दा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. आत घेणं म्हणजे वाचवणं, एवढ्यावर आपण थांबतो. पण आतल्या प्रत्येक पिढीत निवड होतच असते, फक्त ती पेटीला सोसणाऱ्यांची होते. दक्षिण अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक आत वाढवले की बिनविषारी होतात, कारण त्यांचं विष मुंग्या आणि कोळीवर्गातल्या बारीक किड्यांतून येतं. असा बेडूक रानात सोडला तर त्याच्या रंगाला अर्थ उरत नाही.

ताई: तुम्ही जे वाचले त्यांचं उदाहरण दिलंत, सर. ज्यांच्यातला बाहेर एकही उरला नाही, त्यांचा स्राव तपासायला कुणी नव्हतं. एल व्हायेचा सोनेरी बेडूक त्या यादीत आहे. दहांत दोन जाती सावरतात म्हणून उरलेल्या आठांना बाहेर सोडून द्यायचं? पण एक कबूल करते. आतले बेडूक आतच ठेवून जपले म्हणजे काम झालं, हे खरं नाही. म्हणून पनामात २०१७ पासून काही जाती बाहेर सोडून पाहताहेत, काहींच्या कमरेला रेडिओ बांधून. बरेच मरतात. मरतात कशानं हे कळतं.

सर: २००८ मध्ये एक मोजदाद छापली गेली होती. परत सोडलेल्या ५८ जातींपैकी १८ जातींनी बाहेर वीण केली, आणि १३ स्वतःच्या बळावर टिकल्या.

ताई: तेरा म्हणजे कमी की जास्त?

सर: तेरा म्हणजे तेरा. पंचेचाळीस जातींवर घातलेला पैसा कुठल्यातरी डोंगरावर लागला असता.

तिथून बोलणं घरी आलं, आंबोलीला. सावंतवाडीवरून घाट चढून गेलं की जांभ्या दगडाचे उघडे सडे लागतात. उन्हाळ्यात तिथे काही जगत असेल असं वाटत नाही. पहिल्या पावसात दगडांतल्या खळग्यांत वीतभरही खोल नाही असं पाणी साचतं, आणि त्या पाण्यावर आंबोली टोडची वीण चालते. अंगठ्याएवढा प्राणी, कुशीला पिवळे-काळे पट्टे. २००९ मध्ये उभयचरतज्ज्ञ प्रा. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं आणि त्याच्यासाठी वेगळी प्रजातीही मांडली. तिच्यात दोनच जाती आहेत, हा एक आणि १९६३ मध्ये कोयनेतून नोंदलेला दुसरा. दोन्ही आपल्याच डोंगरांतले. आंबोलीच्या टोडची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. ताईनं तिच्या यादीतले प्रश्न एकेक करून सरांना विचारायला सुरुवात केली.

ताई: वंशवृक्षावर एकटा?

सर: एकटाच. एक भाऊ, बस.

ताई: जवळच्या सामान्य जातीवर आधी हात बसवायचा तर?

सर: भाऊही संकटग्रस्तच आहे. सराव करायला कुणी नाही.

ताई: धोका?

सर: रस्ता. वीण सुरू होते तेव्हाच धबधब्याची गर्दी सुरू होते, आणि रात्रीच्या पावसात टोड डांबरावर असतात. शिवाय सड्याला कुणी जमीन समजत नाही, पडीक म्हणतात. मग बांधकाम, खोदाई, गाड्या वर नेणं. यातलं प्रत्येक कारण माणसाला थांबवता येण्यासारखं आहे. म्हणून मी म्हणतो, हा तुझ्या पट्ट्यातला नाही. याला आत घेतलंत तर सगळ्यांना वाटेल टोड सुरक्षित आहे, आता सडा विकायला हरकत नाही.

ताई: आणि बुरशी?

सर: आहे. उत्तर सह्याद्रीत संकटग्रस्त आणि प्रदेशनिष्ठ बेडकांवर ती सापडल्याचं २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी छापलं. पण तो आशियातलाच मूळचा वाण आहे, आणि त्यानं बेडूक पटापट मेल्याचं दिसलेलं नाही.

ताई: तो वाण. दुसरा आला तर? नेदरलँड्समध्ये फायर सॅलॅमँडर असेच जात होते, कशानं ते कुणाला माहीत नव्हतं. कारण कळायच्या आधीच तिथल्या लोकांनी उरलेले आत घेतले. २०१३ मध्ये कळलं की हे एका नव्या बुरशीचं काम आहे; ती आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली असावी, हे त्याच्याही नंतर कळलं. कारण कळेपर्यंत थांबले असते तर आत घ्यायला कुणी नसतं. सर, किहान्सीत वीस हजार होते.

सर: वंश नीट चालवायचा तर वीसेक जोड्या तरी लागतात असं तुमचीच संस्था सांगते. एका सड्यावरून चाळीस प्रौढ टोड उचलायचे? तीच एक आपत्ती होईल.

ताई: प्रौढ कशाला? अंडी. जूनमध्ये पावसानं ओढ दिली की खळगे आटतात ना? त्यांतली अंडी तशीही वाळून जाणार. फक्त आटणाऱ्या खळग्यांतली थोडी-थोडी उचलायची. ऑस्ट्रेलियात कोरोबोरी बेडकांची अंडीच गोळा केली होती.

सरांनी हे मान हलवून ऐकलं. त्यांनी आटलेले खळगे पाहिलेले आहेत. त्यांचा पुढचा प्रश्न पैशाचा होता आणि मला तो रास्त वाटतो. आत घेणं ही वीस-तीस वर्षांची बांधिलकी असते आणि अनुदान मिळतं तीन वर्षांचं. वायोमिंगचा टोड तीन दशकांनंतरही आतून होणाऱ्या पुरवठ्यावर उभा आहे. आपल्याकडे दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणी उद्यानात हिमालयी सॅलॅमँडरचा प्रजनन कार्यक्रम आहे, पण बेडकांसाठी अशी परंपरा नाही. रातकिडे वाढवणारा माणूस पंधराव्या वर्षीही रोज सकाळी आला पाहिजे. निवडीच्या तक्त्यात हा प्रश्नही ठळक हवा. सरांनी आणखी एक अट घातली: काही करायचंच असेल तर ते आंबोलीच्याच हवेत, आणि त्या छपराखाली परदेशी बेडूक कधीही नाही. ताई लगेच हो म्हणाली. तिच्या संग्रहालयाला मिरवायला एक भारतीय टोड मिळावा, असा तिचा आग्रह कधीच नव्हता.

मला राहवलं नाही ते देवगांडुळांपाशी. २००३ मध्ये आंबोलीतूनच एका देवगांडुळाची नवी जात नोंदली गेली. पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. तो किती आहे, कुठवर आहे, घटतोय का, हे विचारलं की तक्त्यातले रकाने भरत नाहीत. रकाने भरत नाहीत म्हणून तो कुठल्याच यादीत वर येत नाही. ज्याची माहिती आहे त्याचीच निवड होते आणि निवड झाली की त्याचीच माहिती वाढते. चीनच्या महाकाय सॅलॅमँडरचं उदाहरण याहून वाईट आहे. एकच जात समजून शेतांवर लाखोंनी वाढवले, हजारोंनी नद्यांत सोडले, आणि २०१८ मध्ये कळलं की त्या किमान पाच वेगळ्या वंशशाखा होत्या. सह्याद्रीत तर दर दोन-चार वर्षांनी एका नावाखालून नव्या जाती निघताहेत. म्हणून माझी मागणी अशी आहे की निवडलेल्यांच्या यादीशेजारी न निवडलेल्यांची यादीही छापावी, प्रत्येकाच्या नावापुढे कारण आणि त्याच्यासाठी बाहेर कोण काय करणार हे लिहून. ‘जागा नाही’ हे कारण असेल तर तसं लिहावं. ‘माहिती नाही’ असेल तर ती कोण गोळा करणार त्याचं नाव लिहावं.

ताई: मग आंबोली टोडपुढे काय लिहू?

सर: रानातच काम, असं लिही. जून-जुलैत पावसाच्या रात्री सड्यालगतचा रस्ता गाड्यांना बंद. सडा पडीक नाही, हे महसूलच्या कागदावर. आणि दरवर्षी त्याच खळग्यांवर मोजणी.

ताई: आणि मोजणी खाली गेली तर?

सर: तर अंडी उचलायची.

ताई: किती खाली? आत्ता आकडा ठरला नाही तर त्या वर्षी आपण म्हणू पाऊस कमी होता, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणू आता उरलेच थोडे, हात लावायला नको.

सर: दोन हंगाम सलग निम्म्यावर आले, तर.

ताई: कशाच्या निम्म्यावर?

सर: या आणि पुढच्या दोन हंगामांच्या सरासरीच्या. पण अंडी उचलायची वेळ येईल तेव्हा ठेवायला खोली आणि शिकलेला माणूस तयार हवा, हे तुझं आता मला पटतंय. तेव्हा सुरुवात आत्ताच करावी लागेल, थोड्या अंड्यांवर. वनखात्याकडे अर्ज दोन्हीचा एकदमच टाकू, रस्त्याचाही आणि खोलीचाही. एकटी खोली मंजूर झाली तर मी सही करणार नाही.

ताई: लिहिलं. आता कोयनेचा. त्याच्या पानावर अजून काहीच नाही.

सर: त्याला आधी मोजायला माणसं शोध.